सुंदरीचे दुःख आणि आपण

बुलढाणा जिल्ह्याची पश्चिम सीमा ओलांडली की अजिंठ्याची लेणी फार दूर नाहीत. तेथील १६ क्रमांकाच्या विहारात ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने जगभर गाजलेले भित्तिचित्र आहे. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या पाहणाऱ्यांनी दिलेले. अभ्यासकांच्या मते ती स्त्री म्हणजे सुंदरी, बुद्धाचा सावत्रभाऊ नंद याची पत्नी. नंद भिक्खू झाला. त्याचा मुकुट घेऊन सेवक परत आला आणि ती कोसळली. एक दासी तिला मागून सावरते आहे, दुसरीने तिचा हात धरला आहे.

इटलीत ओल्या चुन्यावर रंग भरीत. अजिंठ्यात मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. फरक तंत्रापुरताच नाही. मांतुआच्या राजवाड्यात जुलिओ रोमानोने १५३२ ते १५३५ या काळात देवांविरुद्ध उठलेल्या राक्षसांचा संहार रंगविला. चिरडले जाणारे पराभूत आहेत, आणि चित्राची बाजू देवांची आहे. बळीची कथा ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला ही बाजू ओळखू येते.

अजिंठ्याच्या चित्रकाराने वेगळे केले. ज्या धम्माच्या विहारात तो काम करीत होता, त्याच धम्माच्या वाटेवर मागे राहिलेल्या स्त्रीचे दुःख त्याने झाकले नाही. दासींच्या चेहऱ्यांनाही त्याने तितकीच माया दिली. या विहाराच्या शिलालेखात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे दातृत्व नोंदले आहे. हे घराणे आपल्या शेजारच्या वाशीमचे, म्हणजे वत्सगुल्माचे. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. भिंत रंगविणाऱ्या हातांचे नाव मात्र त्यात नाही. श्रम करणाऱ्याची नोंद न ठेवण्याची ही रीत आपल्या परिचयाची आहे.

मला या चित्राचे मोल त्याच्या प्रश्नात वाटते. पुरुषाने ध्येयासाठी घर सोडले, तर घरातल्या स्त्रीला कोणी विचारले काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती सविताबाईंसह; पाठोपाठ लाखो स्त्रीपुरुषांनी घेतली. मागे कोणी राहू नये, असा तो धम्म होता. आज मोर्चे, सभा, शिबिरे यांत रमणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या घरी चूल आणि पोरे सांभाळणाऱ्या सोबतिणीकडे एकदा पाहावे. तिला चळवळीत जागा नसेल, तर आपण बाबासाहेबांचे नाव घेऊन नंदाचीच वाट चालतो आहोत.