वडगावची लढाई, ए३ कागदावर: घरबसल्या पट आणि सोंगट्या

"बोर्ड गेमचे नकाशे आणि सोंगट्या घरी बनवून विकता येतील का?" हा प्रश्न आला की मी आधी उलट विचारतो, कोणाचा गेम? कारण बरेच जण प्रसिद्ध परदेशी गेमचा नकाशा रंगीत प्रिंट काढून विकायला बघतात. तसं करू नका. खेळाची कल्पना कोणाच्या मालकीची नसते, पण त्यातलं चित्र, नाव आणि लोगो मालकीचे असतात.

आणि तुम्ही वडिवळ्यात, नाणे मावळात राहत असाल, तर परदेशी नकाशा हवाच कशाला? जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज रघुनाथरावांना घेऊन बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. ४ जानेवारीला कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, आपला 'इष्टुर फाकडा', पडला. पुढे तळेगाव मराठ्यांनी आधीच रिकामं करून जाळलेलं. दाणागोटा नाही, म्हणून फौज रात्री मागे फिरली आणि वडगावला कोंडली गेली. सोबत सामान वाहायला तब्बल १९ हजार बैल! पूर्ण गेम या बैलांत आहे बघा. सैन्य पळू शकतं, बैल पळत नाहीत. सैन्याच्या सोंगट्या सगळेच बनवतात, तुम्ही बैलाची बनवा.

नकाशाचं गणित सोपं आहे. लोणावळा ते तळेगाव साधारण ३० किलोमीटर. एक षटकोन म्हणजे २ किलोमीटर धरला, तर १५ घरं. षटकोन २० मिमीचा ठेवला की खंडाळ्यासकट सगळं आडव्या ए३ कागदावर (४२० मिमी) आरामात बसतं. आधारासाठी ओपनस्ट्रीटमॅप वापरता येतो, विक्रीसाठीसुद्धा, फक्त त्यांचं नाव छापायचं. पण डोळे मिटून गिरवू नका हं! वडिवळे धरण, रेल्वे, एक्सप्रेसवे यातलं १७७९ ला काहीच नव्हतं. इंद्रायणी, कुंडलिका, लोहगड, विसापूर ठेवा.

सोंगट्यांसाठी शाडू माती मनात येते, दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांमुळे. पण ती वाळताना आकसते आणि कुरिअरमध्ये तुटते. त्यापेक्षा सुताराकडून १२ मिमीची चौकोनी लाकडी पट्टी घ्या, ठोकळे कापा, घासा, रंगवा. चपट्या सोंगट्या हव्या असतील तर २ मिमी पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवा, आणि मागच्या बाजूलाही कागद लावाच. एकाच बाजूला लावला तर पुठ्ठा वाकतो. रात्रभर वजनाखाली ठेवून मगच कापायचं.

आता पैसे. समजा एका सेटला प्रिंट, पुठ्ठा, लाकूड, रंग, डबा मिळून २२० रुपये लागले. वेळ गेला ४ तास. तासाला ८० रुपये धरले तरी ३२० झाले. म्हणजे ५४० तुमचा खर्चच. आणि ताई-दादा काय करतात? "मटेरियलच्या दुप्पट" म्हणून ४४० ला विकतात. प्रत्येक सेटमागे १०० रुपये स्वतःच्या मजुरीतून गेले! म्हणून एकेक सेट बनवू नका. एका दिवशी फक्त कापायचं, दुसऱ्या दिवशी फक्त रंगवायचं, तर वेळ उतरतो.

एक कायद्याची गोष्ट. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना सूट आहे. गेम मोठ्यांसाठी असेल तर डब्यावर तसं लिहा, पण मग चित्रंही लहान मुलांची नकोत.

सगळ्यात आधी मात्र काळी-पांढरी झेरॉक्स काढा, सोंगट्यांच्या जागी चिंचोके ठेवा आणि दोन-तीन रविवार मित्रांना खेळायला बसवा. इंग्रज दरवेळी आरामात पुण्याला पोचत असतील, तर बैलांचा वेग अजून कमी करा.