गुंठ्याच्या साखळीने चंद्रापर्यंत

म्हैसूरच्या हेब्बाळात घरासाठी जागा बघायला गेलात, तर कानावर पहिल्यांदा पडतं ‘थर्टी-फॉर्टी’: तीस फूट रुंद, चाळीस फूट लांब. शहर सोडून शेतांकडे वळलं की मात्र गुंठे आणि एकर सुरू होतात. साताऱ्याच्या माणसाला तिथे हिशेब नव्याने शिकावा लागत नाही, कारण गुंठा दोन्हीकडे तोच. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. चाळीस गुंठ्यांचा एकर.

हे ३३ फूट मोजणीच्या साखळीचे. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरात जी जमीनमोजणी सुरू केली, तिचीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली आणि १८६३ पासून म्हैसूर मुलखातही गेली. ३३ फुटी साखळीचे सोळा आणे पाडलेले असत. एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त.

आता हीच साखळी आकाशाला लावू. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे ३ कोटी ८२ लाख साखळ्या. सूर्य जवळपास १,४८७ कोटी साखळ्यांवर. प्रकाश एका सेकंदात २ कोटी ९८ लाख साखळ्या ओलांडतो, तरी सूर्याकडून निघून आपल्यापर्यंत यायला त्याला आठ मिनिटांहून जास्त लागतात. ताऱ्यांकडे वळलो की कोटी अपुरे पडतात. मग भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली संख्यांची नावं काढावी लागतात: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. प्रत्येक आधीच्याच्या दसपट. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे चार अंत्य साखळ्यांवर आहे. रोहिणी सहा मध्यांच्या आसपास. परार्ध साखळ्या म्हणजे जेमतेम १०६ प्रकाशवर्षं. चित्रा त्याच्याही पलीकडे. ‘लीलावती’ची यादी जिथे संपते, त्याच्या पुढचा तारा आपण गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी बघतो!

आणि जमिनीचं माप आभाळाला लावायची ही कल्पना भास्कराचार्यांना मुळीच नवी वाटली नसती. ‘लीलावती’च्या सुरुवातीलाच कोष्टक आहे: आठ यवांचं अंगुल, चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश, चार क्रोशांचं योजन. शेजारीच शेताचं माप दिलंय, दोनशे हात बाजूचं चौरस निवर्तन. शेत आणि आकाश एकाच शिडीवर. ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त त्यांनी पृथ्वीचा व्यास सुमारे १,५८१ योजनं, चंद्राचं अंतर ५१,५६६ योजनं आणि सूर्याचं ६,८९,३७७ योजनं दिलं आहे.

या योजनांचे किलोमीटर करायला जाल तर अडकाल. दीड फुटाचा हात धरला तर कोष्टकातलं योजन चौदा किलोमीटरच्या वर जातं, आणि पृथ्वी खऱ्या पृथ्वीच्या पावणेदोनपट होऊन बसते. ग्रंथाग्रंथांत योजन बदलतं. आर्यभटाच्या पृथ्वीचा व्यास १,०५० योजनं होता, सूर्यसिद्धांतात तो १,६००. म्हणून माझ्या मते योजनाचे किलोमीटर करण्याचा हट्टच सोडावा आणि गुणोत्तर बघावं. चंद्राचं अंतर पृथ्वीच्या त्रिज्येने भागा: भास्कराचार्यांचं उत्तर ६५, आजचं ६०. दुर्बीण नसताना, साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वी! योजन लहान धरा की मोठं, या उत्तरात काही फरक पडत नाही.

सूर्याचं उत्तर मात्र साफ चुकलं. त्यांच्या आकड्यांत सूर्य चंद्राच्या साधारण तेरापट दूर, प्रत्यक्षात तो ३८९ पट दूर आहे. कारण समजून घेण्यासारखं आहे. सूर्य-चंद्रासकट सगळे ग्रह रोज सारखीच वाट चालतात, ११,८५८ योजनं आणि वर पाऊण, असं त्या काळी गृहीत होतं. त्यामुळे एक चंद्र मोजला की उरलेल्यांची अंतरं त्यांच्या फेरीच्या काळावरून निघत. चंद्र इतका जवळ आहे, की पृथ्वीवरची जागा बदलली तर ताऱ्यांमधली त्याची जागा जवळजवळ एक अंशाने सरकलेली दिसते. हे सरकणं ग्रहणांच्या हिशेबात डोकं वर काढतंच. सूर्याचं तेच सरकणं इतकं बारीक, की नुसत्या डोळ्याला ते कधी पकडता आलं नसतं. चूक होती ती सारख्या चालीच्या गृहीतकात. मोजणी जिथे पोचली, तिथे ती चोख होती.

आज चंद्राचं अंतर लेझरने मोजतात. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावरून प्रकाश परत येतो, त्याला लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. त्यातून कळलं, की चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो आहे. साखळीचा एक आणा सरकायला त्याला साडेसोळा वर्षं लागतात. ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण झाल्यापासून आजपर्यंत तो सव्वातीन साखळ्यांहून थोडा जास्त लांब गेला आहे.