डिओचं दशक

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये नुकतंच आपोआप सुगंध फवारणारं यंत्र बसलं. दम्याच्या माणसाने आता जिने चढायचे. आणि याच वर्षी, 31 जुलै 2026 पासून, युरोपात नव्याने बाजारात येणाऱ्या प्रसाधनांवर सुगंधातल्या ऐंशीहून अधिक ॲलर्जीकारक घटकांची नावं छापणं सक्तीचं होत आहे. तिकडे कुठवर गेले आणि आपण कुठे राहिलो, हे पाहून मन विटतं.

माझ्या लहानपणी सुगंध म्हणजे हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर लावलेलं अत्तर, नाहीतर काकांच्या कानातला फाया. तेही सगळं निर्धोक होतं असं नाही. चंदनतेल परवडेनासं झालं तसं अत्तरात लिक्विड पॅराफिन शिरलं. पण तो वास लावणाऱ्याच्या आसपास राहायचा. नव्वदच्या दशकातलं फारसं सांगण्यासारखं नाही.

खरा बदल झाला 2000 नंतर. डिओचा डबा प्रत्येक पर्समध्ये आला. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये दादर जवळ आलं की दाराशी उभ्या बायका कुर्त्याच्या गळ्यातून आत फवारे मारायच्या. डब्यात हलायला जागा नाही, तोंड वळवणार कुठे? लोकलला निदान खिडक्या होत्या. ऑफिसात तावदानं कायमची बंद, एसीतून तीच हवा फिरायची. जेवणानंतर बाथरूममध्ये सामुदायिक फवारणी व्हायची आणि चार वाजेपर्यंत माझी छाती शिट्ट्या वाजवायची. वरिष्ठांकडे गेले तर उत्तर ठरलेलं: ‘‘मॅडम, बाकी कुणाला होत नाही, तुम्हालाच कसा त्रास होतो?’’ ॲलर्जीची चाचणी निगेटिव्ह आली आणि त्यांना पुरावाच मिळाला. दम्यात बऱ्याचदा ती ॲलर्जी नसतेच, उग्र वासाने श्वासनलिका चिडते आणि आवळते, हे तेव्हा मला कुणी समजावलं नाही. ‘नाजूक’ हा शिक्का मात्र नोकरी सुटेपर्यंत पुसला गेला नाही. त्याचा राग आजही आहे.

त्याच काळात, मार्च 2005 पासून, युरोपात 26 घटकांची नावं डब्यावर येऊ लागली होती. अंगावर राहणाऱ्या प्रसाधनात एखादा घटक 0.001 टक्क्याहून जास्त असला की नाव छापायचंच. अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका पालिका कर्मचारी बाईंनी सहकाऱ्याच्या परफ्यूमवरून दावा लावला आणि 2010 मध्ये पालिकेने एक लाख डॉलर देऊन तो मिटवला. कर्मचाऱ्यांनी सुगंध लावून येऊ नये, अशा सूचनाही कार्यालयांत लागल्या. आपल्याकडे 2011 मध्ये सरकार डिओवर खवळलं खरं, पण जाहिरातींवर. आक्षेप अश्लीलतेला होता. डब्यातल्या ब्युटेन-प्रोपेनबद्दल, सुगंधी रसायनांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. वर्षानुवर्षं सर्रास वापरलेलं लायरल हे सुगंधी रसायन त्वचेच्या ॲलर्जीमुळे 2021 पर्यंत युरोपच्या दुकानांतून हटलं. लिलियल या दुसऱ्या सुगंधी रसायनावर तिथेच प्रजननक्षमतेला धोका म्हणून मार्च 2022 मध्ये बंदी आली. 2021 मध्येच अमेरिकेत काही स्प्रे बेंझीन सापडल्याने परत मागवले गेले. आता ‘नैसर्गिक’चं पेव फुटलंय. पण संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन आणि लव्हेंडरमधलं लिनालूल हवा लागली की ऑक्सिडाइज होतात आणि त्वचेला जास्त बाधतात. लिमोनीनची ओझोनशी गाठ पडली तर फॉर्मल्डिहाइडही तयार होतं.

लिफ्टमधल्या यंत्राचा रिकामा डबा मी वॉचमनकाकांकडून मागून घेतला. मागे बारीक अक्षरांत एकच शब्द: परफ्यूम. इथे बनून युरोपात जाणाऱ्या क्रीमवर कारखानदार ॲलर्जीकारक घटकांची ती नावं छापतो, कारण त्याशिवाय माल उतरत नाही. मग ती आपल्या वाण्याकडच्या डिओवर छापायला लावा, आणि बंद खोलीत, लिफ्टमध्ये, टॅक्सीत फवारणाऱ्या डब्यांवर तर आधी.