मलमाचे भय आणि भयाचे माप

‘मलम’ हा शब्द आपल्या घरात इतका रुळला आहे, की तो परका असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. अरबीतला ‘मरहम’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि ‘मलम’ होऊन राहिला. त्याच अरबी बोलणाऱ्या मंडळींना स्टेरॉइडच्या मलमांची भीती किती वाटते, हे मोजण्याच्या खटपटीत तिकडचे डॉक्टर आहेत.

भीतीला कारण आहे. 1952 साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून पाहिले आणि गुण आला. पुढे अधिक जहाल मलमे निघाली. ती बेसुमार वापरली तर कातडी पातळ पडते, हेही कळून चुकले. परंतु भीती बेताबाहेर गेली, की इसब झालेले पोर रात्रभर रक्त येईतो खाजवीत राहते आणि मलमाची नळी फडताळात पडून असते. गुण नाही म्हणून डॉक्टर आणखी जहाल औषध लिहून देतात. मुळात आधीचेच लावलेले नसते! 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी पाहणीत 200 पैकी 72.5 टक्के लोकांनी या मलमांची काळजी वाटते असे सांगितले होते.

फ्रेंच डॉक्टरांनी 2013 साली या भयाचे माप सिद्ध केले. त्याचे नाव ‘टॉपिकॉप’. त्यात 12 विधाने आहेत: मलम रक्तात उतरते, त्याने वजन वाढते, मी उपचार होईल तितका लांबणीवर टाकतो, अशा धर्तीची. प्रत्येकाला 0 ते 3 गुण. म्हणजे भयाची कमाल 36.

आता हे अरबीत न्यायचे. रिवाज असा, की एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट फिरवायचे आणि दोन्ही ताडून पाहायची. पण अरबी कोणती? ‘आत्ता’ या एका साध्या शब्दाला ग्रंथांच्या अरबीत ‘अल्-आन’, कैरोत ‘दिल्वक्ती’, मोरोक्कोत ‘दाबा’, तर आखातात ‘अल्हीन’. लिहायचे म्हणजे ग्रंथांची भाषाच सोयीची. पण शाळेत न गेलेल्या आईला ती कुणीतरी वाचून दाखवणार, आणि वाचता वाचता आपल्या बोलीत वळवणार. तेथे माप थोडे हलणारच, असे मला भाषेचा मास्तर म्हणून वाटते. शिवाय ‘फोबिया’ला वैद्यकातला अरबी शब्द ‘रुहाब’. तो रोग्यापुढे ठेवला तर बिचारा बिथरेल. त्याच्या ओळखीचा शब्द ‘खौफ’. हिंदी चित्रपटांमुळे आपल्याही कानावरचा.

बेरीज किती झाली यापेक्षा कोणत्या विधानावर आईने मान डोलावली, ते डॉक्टरांनी पाहावे. मलम जास्त लागेल ही धास्ती असेल, तर तिला बोटाचे माप दाखवता येते. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नळीतून जेवढी रेघ मावते, ते सुमारे अर्धा ग्रॅम मलम. बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला ते पुरते.