आंबट बिअर आणि रुचिभेद : गुण व दोष यांच्या सीमारेषेविषयी

रुचिभेदाच्या अभ्यासास बेल्जियममधील लँबिक व तिच्या जातीच्या इतर आंबट बिअर हे एक उत्तम उदाहरण होय. एकच पेला दोन जाणकारांपुढे ठेवला असता एकास तो श्रेष्ठ कारागिरीचा नमुना वाटतो, तर दुसऱ्यास चक्क नासलेले पेय वाटते. फ्रेंच कवी शार्ल बोदलेर १८६४ साली ब्रुसेल्सला राहावयास गेला, तेव्हा लँबिकपासून तयार होणारे ‘फारो’ हे पेय तेथील नागरिक आवडीने पीत असत. बोदलेरने मात्र पद्यरचना करून त्याची टवाळी केली. असा भेद म्हणजे ज्याची त्याची लहर, असे म्हणून तो सोडून देणे सोपे आहे. परंतु तसे केल्याने एक मूलभूत प्रश्न बाजूस पडतो. पेयातील ‘दोष’ हा त्या पेयाचा धर्म आहे, की चाखणाऱ्याच्या अपेक्षेचा?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी लँबिकची कृती ध्यानात घेणे अवश्य आहे. ब्रुसेल्स व त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटनलांड हा या पेयाचा प्रदेश. सातूचे माल्ट आणि कच्चा गहू यांपासून काढलेला गोड काढा हॉपच्या जुन्या, मुरलेल्या फुलांसह दीर्घकाळ उकळतात व थंडीच्या मोसमात उथळ, उघड्या पात्रात रात्रभर निवू देतात. त्यात यीस्टचे विरजण घालीत नाहीत. हवेतील, भट्टीतील व लाकडी पिंपांतील सूक्ष्मजीवच आंबवण्याचे कार्य करतात. ही क्रिया एक ते तीन वर्षे चालते. आरंभी आंत्रजंतूंच्या कुलातील जीव वाढतात. नंतर सॅकरोमायसिस हे यीस्ट मद्यार्क निर्माण करते. त्यामागून पेडिओकॉकस हे जंतू लॅक्टिक अम्ल तयार करतात. आणि अखेरीस ब्रेटानोमायसिस या यीस्टचे राज्य सुरू होते. लूव्हाँ येथील संशोधकांनी १९७७ साली या क्रमाचे वर्णन प्रसिद्ध केले. अशा रीतीने सिद्ध झालेल्या पेयाचा पीएच सुमारे ३.२ ते ३.५ असतो, सामान्य बिअरचा तो ४ ते ४.५ च्या आसपास असतो.

आता या पेयाला वैशिष्ट्य देणारी द्रव्ये पाहिली तर एक विलक्षण गोष्ट आढळते. त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक द्रव्य अन्यत्र दोषांच्या यादीत मोडते. लॅक्टिक अम्ल म्हणजे दह्याताकातील आंबटपणा. साध्या बिअरमध्ये ते जंतुसंसर्गाचे चिन्ह समजतात. ब्रेटानोमायसिस निर्माण करीत असलेल्या इथिल-फिनॉल वर्गातील द्रव्यांना तबेल्याची, औषधाची किंवा धुराची आठवण करून देणारा गंध असतो; लाल द्राक्षमद्यात हा गंध वाढला की तो माल सदोष ठरतो. जुन्या हॉपमधील आयसोव्हॅलेरिक अम्लास चीजचा व घामट कपड्यांचा वास येतो. बेल्जियमच्या इतर अनेक बिअरमधील लवंगेसारखा स्वाद ४-व्हिनिलग्वायाकॉल या द्रव्यापासून येतो. पण लागर बिअरच्या परीक्षणात त्याच स्वादाला ‘फिनॉलिक दोष’ हे नाव आहे.

या यादीला इतिहास आहे. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हॅन्सन याने १८८३ साली शुद्ध यीस्टची लागवड यशस्वी केली, आणि स्वच्छ, एकसारखी चव हाच उत्तमतेचा निकष होत गेला. तथापि त्याच प्रयोगशाळेतील क्लाउसेन याने १९०४ साली इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमधून एक यीस्ट वेगळे काढले आणि त्या बिअरची खास चव त्यावरच अवलंबून आहे असे प्रतिपादिले. त्याने त्याला ‘ब्रिटिश बुरशी’ या अर्थाचे ब्रेटानोमायसिस हे नाव दिले. म्हणजे आज जे दोषाचे कारण मानले जाते, त्याचे नामकरणच गुणाचे कारण म्हणून झाले होते! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या यीस्टच्या जनुकीय अभ्यासात असे दिसून आले की, बिअरसाठी पाळलेल्या बहुतेक वाणांनी लवंगेचा स्वाद निर्माण करण्याची शक्ती गमावली आहे. पिढ्यानुपिढ्यांच्या मानवी निवडीची खूण सूक्ष्मजीवांच्या देहातही अशी उमटली आहे.

अपेक्षेचा प्रभाव प्रयोगांनीही सिद्ध होतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या एका प्रयोगात आयसोव्हॅलेरिक अम्लाचा चीजसारखा गंध लोकांना हुंगावयास दिला. सोबत ‘चेडर चीज’ असे शब्द दाखविले असता तो अधिक सुखद वाटला, ‘शरीराचा वास’ असे दाखविले असता कमी. २००६ साली लेनर्ड ली व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. त्यात साधी बिअर आणि बाल्सामिक व्हिनेगरचे काही थेंब घातलेली बिअर अशा दोन्ही चाखावयास दिल्या होत्या. व्हिनेगरविषयी काहीच न सांगितलेल्यांपैकी अनेकांनी व्हिनेगरची बिअर पसंत केली. चाखण्यापूर्वी ज्यांना ते सांगितले त्यांची पसंती बरीच घटली. चाखून झाल्यावर सांगितले असता मात्र ती फारशी बदलली नाही. माहिती नंतरच्या निर्णयावर लादली जाते असे नव्हे, तर ती चाखण्याच्या अनुभवातच मिसळते, असा याचा अर्थ होतो.

म्हणून सर्व काही मानीव आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. अम्लाच्या संवेदनेची तीव्रता व्यक्तिपरत्वे बदलते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, असे जुळ्यांच्या अभ्यासावरून दिसते. शिवाय लँबिकच्या परंपरेतही दोष आहेतच. ॲसेटिक अम्ल वाढून व्हिनेगरसारखे झालेले पीप मिश्रण करणारा कारागीर बाजूस काढतो; पेडिओकॉकसमुळे तार धरलेले पेय तो ‘आजारी’ मानतो व ते बरे होईपर्यंत थांबतो. तात्पर्य, गुणदोषांचा विवेक तेथेही आहे. केवळ त्याची रेषा निराळ्या ठिकाणी आखलेली आहे.

ही रेषा कोठे आखावयाची हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. विसाव्या शतकात गोड चवीकडे ग्राहकांचा ओढा वाढला आणि लँबिकच्या बहुसंख्य जुन्या भट्ट्या बंद पडल्या. टिकलेल्यांपैकी काहींनी आपले पेय गोड केले. पारंपरिक कृतीच्या रक्षणासाठी १९९७ साली युरोपीय संघाने ‘आउडे ग्यूझ’ या नावास संरक्षण दिले. त्या मिश्रणातील सर्वांत जुनी लँबिक किमान तीन वर्षांची असावी लागते. परीक्षकाने लागरचा मापदंड लावून हे पेय नापास केले, तर ते निरीक्षण म्हणून खरे, पण निर्णय म्हणून अन्यायाचे ठरेल. यासाठी रुचिपरीक्षणात दोन कामे पृथक् ठेवली पाहिजेत. कोणते द्रव्य किती प्रमाणात जाणवते, हे प्रथम नोंदवावे. ते तेथे असावे की नसावे, हे त्या पेयाच्या परंपरेला विचारून मग ठरवावे. पहिल्या कामात मतभेद झाल्यास तो मापनाने मिटू शकतो. दुसऱ्यातील मतभेद मिटविण्यासाठी मापनाच्या जोडीला परिचयही लागतो.