सांबऱ्याचा आचारी, डब्लिनचा पब

सकाळी ८. टॅलाट या उपनगरातून निघालेल्या लुआस ट्राममध्ये या वेळी उभं राहूनच यावं लागतं. नोव्हेंबरात इथं सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो, त्यामुळं 'फोर कोर्ट्स'ला उतरतो तेव्हा नुकतंच उजाडलेलं असतं. पूल ओलांडून लिफी नदीच्या दक्षिण काठावर आलं की समोर लोअर ब्रिज स्ट्रीटवर 'ब्रेझन हेड' लागतो. आयर्लंडमधला सगळ्यात जुना पब म्हणून तो ओळखला जातो. पाटीवर ११९८ साल आहे, आज उभी असलेली इमारत मात्र १७५४ ची. इंग्रजांविरुद्धच्या १८०३ च्या उठावाचा नेता रॉबर्ट एमेट या जागेशी जोडलेला आहे. त्याला फाशी दिली ती इथून जवळच, थॉमस स्ट्रीटवर. पाहुणा म्हणून डब्लिनला आलात तर दुपारच्या जेवणाला इथं जरूर बसा. मी काम करतो तो पब याच भागात आहे. वयानं पुष्कळ लहान, पण तोही जुनाच.

वाऱ्याची दिशा बरोबर असली की या भागात भाजलेल्या जवाचा वास येतो. तो गिनेसच्या कारखान्यातून येतो. आर्थर गिनेसनं ३१ डिसेंबर १७५९ ला ती जागा ९००० वर्षांच्या करारानं घेतली, वर्षाला ४५ पौंड भाड्यानं.

९ वाजता स्वयंपाकघर. पहिलं काम फ्रिजचं तापमान वहीत लिहिणं. काटा ५ अंशांच्या वर असता कामा नये. मग स्ट्यू चढवायचा. कोकराच्या मानेचं आणि खांद्याचं मटण, कांदा, गाजर, बटाटा, मीठ, मिरी आणि थोडी थाइम. फोडणी नाही, वाटण नाही. सुरुवातीला माझा हात सारखा मसाल्याच्या डब्याकडं जायचा. आता कळतं की सगळी करामत बटाट्यात आहे. एक पिठूळ जातीचा बटाटा घ्यायचा, तो विरघळून रस्सा दाट करतो. दुसरा घट्ट जातीचा, तो फोड म्हणून वाटीत शाबूत राहतो. पहिल्या उकळीला वर येणारा फेस धीरानं काढत राहायचा आणि नंतर आच अगदी मंद ठेवायची. दोन तासांनी रस्सा चमच्याला धरतो आणि मटण हाडापासून सुटतं. ज्या घरात मिरचीशिवाय मटण शिजलं नाही त्या घरातला मी, आणि हा स्ट्यू मला मनापासून आवडतो.

मग सोडा ब्रेड. कणीक, सोडा, मीठ आणि ताक. यीस्ट लागत नाही, मळणंही नाही. आयर्लंडच्या ओल्या हवेतला गहू मऊ असतो, यीस्टच्या पावाला लागतो तेवढा चिवटपणा त्याच्यात नसतो. म्हणून एकोणिसाव्या शतकात सोडा आला तसा तो घरोघरी रुजला. ताक आणि सोडा भेटले की हात झपाझप चालवायचे, गोळा थापायचा, वर सुरीनं फुली मारायची आणि लगेच भट्टीत सारायचा. पाच मिनिटं रेंगाळलात तर ब्रेड बसलाच.

दुपारी १२ ते ३ मान वर करायला वेळ नसतो. स्ट्यू, चाउडर (मासे-शिंपल्यांचं दाट सूप), मासे आणि चिप्स. मेनूवर चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची नोंद असते, तो कायदा आहे. एक चिठ्ठी चुकली तर कुणाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून 'चाउडर, शिंपले नको' अशी चिठ्ठी आली की मी दोनदा विचारतो. बाहेर काउंटरवर गिनेस भरणं चालू असतं. ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा, ठेवून द्यायचा, तपकिरी भोवरे खाली बसून काळं-पांढरं वेगळं झालं की वरचा भाग भरायचा. दोन मिनिटं जातात, आणि इथं कुणी घाई करत नाही. ही सवय मला फार मोलाची वाटते.

३ वाजता सुट्टी. सांबऱ्यात, बेळगावजवळच्या माझ्या गावी, तेव्हा रात्रीचे साडेआठ. घरी फोन लावतो. "जेवलास काय रे? काय करूलालास?" हे आईचे दोन प्रश्न ठरलेले. मग भाताच्या मळणीची हकीकत, आणि बाबा फोनवर येत नाहीत कारण ते भजनाला गेलेत. मागून विमानाचा आवाज आला की आई थांबते. आमच्या गावात विमानतळ आहे, तो आवाज जाईपर्यंत बोलणं बंद ठेवायची सगळ्यांना सवय झालेली आहे.

फोन ठेवून नदीपलीकडं स्मिथफील्डला चालत जातो. तिथं 'कॉबलस्टोन' हा पब आहे. पारंपरिक आयरिश संगीत ऐकायचं असेल तर मी प्रत्येकाला तिथंच पाठवतो. २०२१ मध्ये त्या जागेवर आणि भोवती हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला. वादक आणि शहरातले लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नगर परिषदेनं परवानगी नाकारली. टेंपल बार या भागातल्या पबांत मायक्रोफोन लावून पर्यटकांना तीच दहा-बारा गाणी ऐकवतात. तिथल्या गायकांच्या पोटाबद्दल मला आदर आहे, पण त्या आवाजात शेजारच्याशी बोलता येत नाही. जिथं बोलता येत नाही तो पब कसला!

५ वाजता परत. बाहेर अंधार पडलेला असतो. संध्याकाळची तयारी करताना बारच्या खिडकीतून एक म्हातारे गिऱ्हाईक हात करतात. निवृत्त शिक्षक आहेत. आमच्या भिंतीवर १९१६ च्या ईस्टर उठावाचा फोटो आहे, बंडखोरांनी ताब्यात घेतलेल्या मुख्य टपाल कचेरीचा, नुसत्या भिंती उरलेल्या. एकदा मी त्यांना सांगितलं की ज्या दिवशी, २८ एप्रिल १९१६ ला, बंडखोरांना ती जळती कचेरी सोडावी लागली, त्याच दिवशी माझ्या बेळगावात लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. मागणीचं नावसुद्धा आयर्लंडकडूनच घेतलेलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि तारखा पुन्हा विचारून कागदावर लिहून घेतल्या. तेव्हापासून ते आल्यावर बेळगावची बातमी विचारतात.

९ वाजता स्वयंपाकघर बंद होतं आणि कोपऱ्यात सेशन, म्हणजे वादकांची बैठक, बसतं. मी शेगड्या घासतो, दार उघडं ठेवून.

मंच नाही. एका टेबलाभोवती फिडल, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना, कधी इलियन पाइप्स. त्या पाइप्सना तोंडानं फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्यानं हवा भरतात. आणि बोरान, लाकडी कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. डफावर वाढलेल्या माणसाला ते ओळखायला वेळ लागत नाही. पब दोघांना पैसे देतो, बाकीचे येतील ते बसतात. वादकांची तोंडं एकमेकांकडं, गिऱ्हाइकांकडं पाठ. नवख्याला हा उद्धटपणा वाटतो. मला नाही वाटला, कारण आमच्या देवळातलं भजनही असंच गोल बसून होतं. ज्याला येतं त्यानं धरायचं, न येणाऱ्यानं ऐकायचं.

एक धून म्हणजे आठ-आठ मात्रागटांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. सगळी धून साधारण तीनदा वाजते आणि मग कुणीतरी भुवई उचलतो, त्यासरशी सगळे दुसऱ्या धुनेत शिरतात. समोर कागद नसतो. रील चारात चालते, जिग सहात. दादऱ्याची सवय असलेला माझा हात जिगला आपोआप ताल धरतो. धुना कानानंच जातात, पण जपणाऱ्यांनी लिहूनही ठेवल्या. कॉर्कमध्ये जन्मलेले फ्रान्सिस ओ'नील शिकागोचे पोलिसप्रमुख होते. त्यांनी तिथल्या आयरिश लोकांकडून ऐकून गोळा केलेल्या धुनांचा संग्रह १९०३ मध्ये निघाला, त्यात १,८५० चिजा आहेत.

पाइप्स वाजवणाऱ्या बाईंनी मला सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पबमधलं हे सेशन मुळात आयर्लंडात सुरू झालं नाही. पूर्वी हे संगीत घरात वाजायचं, चुलीपाशी, नाचासाठी. १९३५ च्या कायद्यानं सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला आणि घरच्या नाचांवरही टाच आली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये बांधकामावर गेलेले आयरिश मजूर भाड्याच्या खोलीत चार-चार राहायचे, तिथं फिडल काढायला जागा कुठली? म्हणून ते संध्याकाळी पबात जमून वाजवू लागले, आणि तीच रीत पुढं मायदेशी रुजली. आज पर्यटक ज्याला आयर्लंडचा आत्मा म्हणतात ती पोटासाठी परमुलखात गेलेल्यांनी घडवलेली गोष्ट आहे. टॅलाटच्या खोलीत मीही तिघांबरोबर राहतो. हे ऐकल्यापासून त्या कोपऱ्याकडं मी नोकरीची जागा म्हणून पाहू शकत नाही.

साडेदहाच्या सुमाराला कुणी वाद्यांशिवाय गातं. आयरिश भाषेतलं जुनं गाणं, डोळे मिटून, संथ. तेव्हा बारवाला नळ बंद करतो, ग्लासही उचलत नाही. एकदा त्या बाईंनी मला बोलावलं, तुमच्याकडचं काही म्हणा. हात पुसून गेलो आणि बाबांचा रोजचा अभंग म्हटला. बोरानवाल्यानं पहिली ओळ फक्त ऐकली, दुसऱ्या ओळीपासून बोटांनी अलगद ठेका धरला. संपल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, पुन्हा. मी पुन्हा म्हटला. आता महिन्यातून एखाद्या गुरुवारी माझी पाळी असते, आणि बाबांना त्याचं रेकॉर्डिंग पाठवतो. चाल कुठं सुटली हे ते फोनवर सांगतात.

११.३० ला गुरुवारची विक्री थांबते, ग्लास संपवायला आणखी अर्धा तास. फिडलवाला बिल देताना सोडा ब्रेडचा उरलेला तुकडा मागतो, तो मी त्याच्यासाठी कागदात बांधून ठेवलेलाच असतो. फरशी पुसून झाली की उद्याची मागणी लिहायची. शुक्रवारी साडेबारापर्यंत पब चालतो आणि गर्दी दुप्पट, म्हणून पिठूळ बटाट्याचं एक पोतं जास्त, आणि ताक चार लिटर वाढवून. मागणी फलकाला टोचतो आणि शेवटच्या लुआससाठी पुलाकडं निघतो.