चिंबोरीला रक्त नसतं म्हणे!

पावसाळ्यात बाजारात चिंबोऱ्या दिसायला लागल्या की शेजारच्या काकूंचं वाक्य ठरलेलं असतं: "ही बरी बाई, हिला रक्तच नसतं." बांगडा कापला की ओटा लाल होतो, चिंबोरीचा नांगा मोडला की नुसतं पाणी. काकूंची नजर पक्की आहे, निष्कर्ष तेवढा चुकला. ते पाणी म्हणजेच चिंबोरीचं रक्त. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायला हिमोग्लोबिन असतं, त्यात लोह असतं, म्हणून ते लाल. चिंबोरी, कोळंबी, शेवंड यांच्याकडे त्याच कामाला हिमोसायनिन आहे आणि त्यात लोहाच्या जागी तांबं. ऑक्सिजन नसेल तर ते जवळपास रंगहीन दिसतं, ऑक्सिजन मिळाला की निळसर. ओट्यावरच्या चार थेंबांत ती निळाई कुणाच्या लक्षात येत नाही.

निळ्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या मनगटाकडेही बघून घेऊ. तिथल्या शिरा निळ्या दिसतात, पण आतलं रक्त लालच असतं, फक्त गडद. कातडीतून उजेड जसा आत जातो आणि परत येतो त्यामुळे तो रंग भासतो. शाळेच्या आकृतीत आपण एक बाजू लाल आणि दुसरी निळी रंगवली, तेव्हापासून हा घोळ डोक्यात बसला आहे. बांगड्याच्या तुकडीतला काळपट भागही रक्त नव्हे. तो सतत पोहणारा स्नायू आहे, त्याला रंग येतो तो मायोग्लोबिनमुळे. कितीही धुतला तरी तो पांढरा होणार नाही.

आता झुरळ. झुरळाचं रक्त पांढरं असतं, हे चपलेच्या अनुभवावरून सगळ्यांना माहीत असतं. प्रत्यक्षात तो पांढरा लगदा मुख्यतः चरबीचा. झुरळाचं रक्त रंगहीन असतं, कारण त्याला ऑक्सिजन वाहायचाच नसतो. ते काम बहुतेक कीटकांत रक्ताकडे सोपवलेलंच नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात, तिथून निघालेल्या हवेच्या नळ्या फाटे फुटत फुटत पेशींपर्यंत पोहोचतात. रक्ताकडे उरतं अन्न पोचवणं, कचरा उचलणं, रोगजंतूंशी लढणं. ते वाहिन्यांत कोंडलेलंही नसतं. पाठीजवळचं लांबट, कप्प्याकप्प्यांचं हृदय ते पुढे ढकलतं आणि मग ते पोकळीत मोकळं सुटून अवयवांना भिजवत राहतं. डोकं तुटलेलं झुरळ कित्येक दिवस जगतं, याचं कोडंही इथेच सुटतं. दाब इतका कमी की रक्ताची चिळकांडी उडत नाही, जखम गोठून बंद होते, आणि श्वास तर नाकातोंडाने कधी चालतच नव्हता.

मात्र 'मोकळं' म्हणजे 'ढिसाळ' असं समजू नये. कोपऱ्यात मेलेला कोळी नेहमी पाय पोटाशी घेऊन पडलेला का दिसतो? त्याच्या पायांत वाकवणारे स्नायू आहेत, पण काही मुख्य सांधे सरळ करणारे स्नायूच नाहीत. ते काम रक्ताचा दाब करतो, जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने उचलला जातो तसं. हृदय थांबलं, दाब गेला, पाय मिटले. कोषातून नुकतं बाहेर आलेलं फुलपाखरूही चुरगळलेले पंख असंच रक्त भरून ताठ करतं.

टाळीत सापडलेल्या डासाचं लाल रक्त बहुधा तुमचं किंवा घरातल्याच कुणाचं तरी. पण पाण्याच्या टाकीच्या तळाशी वळवळणाऱ्या लाल अळ्या पाहून सोसायटीच्या ग्रुपवर "रक्त पिणारे किडे" असा जो हलकल्लोळ माजतो, तिथे प्रकरण उलटं आहे. या अळ्या डासांसारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या. गाळात ऑक्सिजन कमी, म्हणून त्यांनी स्वतःचं हिमोग्लोबिन बाळगलेलं असतं. ते लाल रक्त त्यांच्या घरचं.

इथपर्यंत आलं की कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे खालच्या प्राण्यांचं रक्त मोकळं आणि वरच्यांचं वाहिन्यांत." हे वर-खाली फार काळ टिकत नाही. गांडुळाचं रक्त लाल आहे आणि ते थेट बंद वाहिन्यांतून फिरतं. तिसऱ्या आणि कालवं यांच्याकडे मोकळी व्यवस्था, तर त्याच मृदुकाय कुळातल्या म्हाकुलाकडे बंद वाहिन्या, निळं रक्त आणि चक्क तीन हृदयं. दोन कल्ल्यांना रक्त पुरवतात, तिसरं उरलेल्या शरीराला. शिंपल्यात बसून पाणी गाळायचं असेल तर संथ रक्त पुरतं. म्हाकुलाला झेप घेऊन भक्ष्य पकडायचं असतं.

पण खरी शिडी आपण शाळेत पाठ केली ती कप्प्यांची: मासा दोन, बेडूक तीन, पक्षी आणि सस्तन चार. त्यातून मनावर ठसलं ते असं, की निसर्ग एकेक कप्पा वाढवत माणसाच्या हृदयापर्यंत पोचला आणि बाकीचे वाटेत अडकून पडले. मला हा सगळ्यात हट्टी गैरसमज वाटतो, कारण तक्ता बरोबर आहे आणि अर्थ चुकीचा.

माशाच्या हृदयात एक अलिंद, एक निलय. रक्त तिथून कल्ल्यांत जातं आणि हृदयाकडे न परतता तसंच शरीरभर फिरतं. कल्ल्यांतल्या बारीक वाहिन्यांत दाब घटतो खरा, पण माशाचं वजन पाण्याने पेललेलं असतं. कुपा, म्हणजे टूना, याच आराखड्यावर समुद्रातल्या वेगवान शिकाऱ्यांत मोडतो.

बेडकाला एकच निलय, त्यामुळे 'शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळतं' म्हणून त्याची कीव केली जाते. खरं तर निलयाच्या आतल्या खडबडीत भिंती आणि पुढच्या वाहिनीतली पिळदार झडप दोन्ही प्रवाह बऱ्यापैकी वेगळे ठेवतात. शिवाय बेडूक कातडीनेही श्वास घेतो. पाण्यात बुडी मारल्यावर रिकाम्या फुफ्फुसाकडे रक्त पाठवून काय उपयोग? तो ते कातडीकडे वळवतो. आपल्या चार कप्प्यांच्या हृदयाला ही सोय नाही, आपलं जेवढं रक्त शरीरात जातं तेवढं फुफ्फुसातही जावंच लागतं.

माणसाला स्वतःचं रक्ताभिसरण कळलं तेही अशाच प्राण्यांच्या कृपेने. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्त गोल फिरतं असं मांडलं, त्याआधी त्याने बेडूक, साप, मासे यांची सावकाश धडधडणारी हृदयं तासन्तास पाहिली होती. कुत्र्याचं हृदय इतकं भरभर चालतं की आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही. तरी धमनीतलं रक्त शिरेत नेमकं कुठून जातं, ते त्याला दिसलं नाही. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिघीला त्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडल्या, त्या बेडकाच्या फुफ्फुसात. हार्वे तोवर वारला होता.

आणि मगर तर तक्ताच मोडते. सांगलीच्या कृष्णेत किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीत काठावर पसरलेल्या मगरीला पूर्ण चार कप्पे आहेत. वर तिच्या उजव्या निलयातून फुफ्फुसाखेरीज थेट शरीराकडे जाणारी एक जादा महाधमनी निघते, आणि दोन महाधमन्यांना जोडणारं एक छिद्रही आहे. म्हणजे चार कप्पे असूनही फुफ्फुस वगळायची सोय तिने राखली. पक्ष्यांचे आणि सस्तनांचे चार कप्पेही एका पायरीवरून पुढच्या पायरीवर आलेले नाहीत, दोघांनी ते स्वतंत्रपणे कमावले. पक्ष्याची महाधमनी उजवीकडे वळते, आपली डावीकडे.

मगरीला 'थंड रक्ताची' म्हणतात, त्याबद्दल थोडक्यात: रक्त थंडच असतं असं नाही, तापमान बाहेरून घेतलेलं असतं. उन्हात तापलेल्या वाळवंटी सरड्याचं रक्त आपल्यापेक्षा गरम असू शकतं. उलट कुपा मासा असूनही स्नायूंची ऊब वाया जाऊ देत नाही. आत येणारं थंड रक्त आणि बाहेर जाणारं गरम रक्त शेजारशेजारच्या वाहिन्यांतून उलट दिशांनी नेऊन तो ती ऊब परत मिळवतो.

शेवटी निळा देवमासा. त्याचं हृदय मोटारीएवढं असतं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला २०१४ मध्ये लागलेल्या एका मृत देवमाशाचं हृदय टोरांटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियमने जतन केलं. त्याचं वजन सुमारे १८० किलो भरलं. मोटार नव्हे, फार तर स्कूटर. चकित व्हायचंच असेल तर त्याच्या ठोक्यांनी व्हावं. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात एका देवमाशाच्या अंगावर चूषक पेल्यांनी यंत्र चिकटवून ते मोजले गेले, निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पृष्ठभागावर श्वास घेताना मिनिटाला २५ ते ३७. खोल बुडीत सगळ्यात कमी नोंद दोनची: एक ठोका पडला की पुढच्यासाठी जवळपास अर्धा मिनिट थांबायचं.